हजेरीप्रमाणे पाणी

"अजून नाही ठरलं?" आबाजींनी पाण्यातूनच विचारलं.

ते कमरेइतक्या पाण्यात उभे राहून तुडमाच्या तोंडाशी अडकलेलं शेवाळ उपसत होते. तुडूम म्हणजे तलावाचं दार. ते उचललं की पाणी कालव्यात जातं आणि कालव्यातून सगळ्या गावाच्या धानात. मी वर पारीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, मांडीवर लॅपटॉप घेऊन बसले होते. हौस म्हणून नाही. आमच्या गावात धड नेटवर्क येतं ते फक्त तलावाच्या पारीवर.

"नाही न, आबाजी."

"कितीक दिवस झाले?"

"तीन महिने."

"तीन महिन्यात तं धान कापून होते, बाई."

झालं! माझ्या अकलेचं मोजमाप असं एका वाक्यात करून आबाजी पुन्हा शेवाळाकडे वळले.

खरं सांगायचं तर चूक माझी एकटीची नव्हती. मी सानगडीला अकरावीत शिकते. दिवाळीत भूषणदादाने त्याचा जुना लॅपटॉप मला दिला. तो नागपूरला इंजिनिअरिंगला आहे. महिन्याभरात मी वेबपेज बनवायला शिकले. रंग भरले, बटणं लावली, बटण दाबलं की आईचा फोटो हसतो इथपर्यंत मजल गेली. मग दादा म्हणाला, आता एखादं फ्रेमवर्क घे. फ्रेमवर्क म्हणजे वेबसाइटचा आयता सांगाडा. भिंती, दारं, खिडक्या कोणीतरी आधीच उभ्या करून ठेवलेल्या असतात, आपण आत जाऊन आपला संसार मांडायचा. एवढं सोपं. फक्त कोणाच्या घरात राहायला जायचं, ते ठरवायचं.

दादा म्हणाला रिॲक्ट. दादाचा रूममेट मागून ओरडला, "अँग्युलर घे वो!" यूट्यूबवरचा एक दाढीवाला म्हणाला, रिॲक्ट संपलं, आता स्वेल्ट. दुसरा दाढीवाला म्हणाला, पहिल्याचं ऐकू नका. मी प्रत्येकाचं ऐकलं. प्रत्येक जण शिकवताना सुरुवातीला कामांची यादी बनवायला लावतो, टू-डू लिस्ट. तीन महिन्यांत मी सहा टू-डू लिस्टा बनवल्या आणि काम एकही केलं नव्हतं.

काम मात्र आता समोर उभं होतं, कमरेइतक्या पाण्यात.

माझे आबाजी, म्हणजे आजोबा, सुखराम, गेली एकतीस वर्षं तलावाचं पाणी सोडतात. उन्हाळी धानाला पाणी मोजकं असतं, म्हणून ते आळीपाळीने द्यावं लागतं. कोणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, कोणत्या दिवशी किती वेळ, हे सगळं आबाजींच्या डोक्यात. कागद नाही, वही नाही. तिसरी शिकलेला माणूस, सही करतो तीसुद्धा जरा थांबून. आजवर कधी अडलं नाही. पण मागच्या उन्हाळ्यात इश्वरकाकाच्या बांधीत अकरा दिवस पाणी पोचलं नाही. त्याची बांधी कालव्याच्या अगदी शेवटी. तो चारचौघांत म्हणाला, "सुखरामकाका घरच्यांले पानी देतेत अन् आमाले कोरडं ठेवतेत." आबाजी त्या दिवशी जेवले नाहीत.

आता पाणीवाटप समितीच्या अध्यक्ष चंद्रकांताकाकूंनी सांगून टाकलं होतं, यंदा पाळ्या लिहून सगळ्यांना दिसल्या पाहिजेत. नाहीतर पाणी सोडायला दुसरा माणूस. बैठक पुढच्या रविवारी, म्हणजे अकरा दिवसांवर.

"कागदावर लिव्ह अन् देवळाच्या भितीले चिपकव," आई म्हणाली होती.

पण मी कसली ऐकते! कालवा कुठे फुटला की पाळ्या बदलतात. मग रोज कोण नवा कागद चिकटवणार? आणि फोन तर सगळ्यांकडे आहेत. मी आबाजींना छाती ठोकून सांगितलं होतं, मी वेबसाइट बनवते. आणि अडून बसले होते, कशात बनवू.

आबाजी वर आले, धोतर पिळलं आणि माझ्या शेजारी बसले. "सांग बरं, काय काय वाण हायेत?"

"वाण नाही आबाजी, फ्रेमवर्क."

"तेच ते."

मी सांगितले. रिॲक्ट, व्ह्यू, अँग्युलर, लाराव्हेल, जँगो.

"लालवेल चांगलं वाटून राहिलं."

"आबाजी!"

"बरं, आयक. तुलाराम एका साली नवा वाण घेऊन आला होता. सगळ्याहून लवकर येनारा. पाकिटावर फोटो असा का पाहातच राहावं. आला बापा लवकर. आमचं सारं हिरवं अन् याचं एकट्याचं पिकलं. मंग काय झालं असंल?"

"काय?"

"चार गावची पाखरं याच्याच बांधीत! सारे संगं पिकले असते तं पाखरं वाटली गेली असती न. अन् रोग पडला तं कोनाले इचारनार? कोनी तो वाण पाह्यलाच नव्हता." आबाजींनी पायाचा चिखल खरवडला. "वाण सारेच चांगले राह्यतेत. शेजारी बांधीत काय टाकून राहिला, ते पाहाचं. तुह्या शेजारी हे काम करनारं कोन हाय?"

"मोनिकाताई."

"ते काय टाकते?"

"त्यांच्या कॉलेजात जँगो आहे."

"मंग झालं. जंगू टाक."

तीन महिने, सहा टू-डू लिस्टा, दोन दाढीवाले, आणि निकाल लागला तो असा, ओल्या धोतरात. मला आधी हसू आलं आणि मग इतकं हलकं वाटलं की मी पारीवरून घरापर्यंत पळत आले, लॅपटॉप डोक्यावर धरून.

मोनिकाताई आमच्याच गावची. साकोलीला बीसीएच्या शेवटच्या वर्षाला. एक रविवार तिने माझ्यासोबत पारीवर काढला, बाकीचे दिवस फोनवर. ती शिकवते छान, पण ओरडतेसुद्धा.

"कॉमा कुठी गेला?"

"होता न ताई इथंच."

"होता मनजे? पायानं चालत गेला का?"

आठ दिवस मी शाळेतून आले की दप्तर फेकून पारीवर. जँगो मला आवडायला लागलं. तुम्ही एकदा सांगायचं की शेतकरी म्हणजे नाव, बांधी, पाणी किती तास. मग नावं भरायची पानं ते आपोआप बनवून देतं. आबाजींना विचारून मी एकतीस जणांची नावं आणि तास भरले. नेमून दिलेला दिवस आणि वेळ यादीतल्या नंबराप्रमाणे आपोआप येईल असं केलं. शुक्रवारी वेबसाइट चालू झाली. वर मी निळ्या अक्षरांत लिहिलं, 'आपला तलाव, आपलं पाणी'. मोनिकाताई म्हणाली, "झ्यॅक!" मी त्या दिवशी दोन वेळा जेवले, आणि दोन्ही वेळा पोटभर.

रविवारी सकाळी सगळं गाव पारीवर जमलं. मी लिंक गावाच्या ग्रुपवर टाकली आणि एकतीस माना एकदम खाली झुकल्या. मी नवीन ड्रेस घातला होता, का खोटं सांगू.

"आँ! पयला नंबर माहाच हाय," इश्वरकाका म्हणाला. त्याचा चेहरा फुलला.

तसंच असायला हवं. आमच्याकडे रीत आहे, शेवटच्याला आधी. पाणी पहिल्यांदा कालव्याच्या शेवटच्या बांधीत न्यायचं आणि तिथून वर वर येत तुडमाजवळच्याला सगळ्यात शेवटी द्यायचं. आधी वरच्यांना दिलं तर खालच्यापर्यंत पाणी पोचतच नाही. मी मनात म्हटलं, वा रुचिका!

मग इश्वरकाकाचा आवाज बदलला. "दुसऱ्या नंबरवर कोन हाय? वाचा, वाचा."

 दुसऱ्या नंबरवर होती कुंताबाई. म्हणजे माझी आई. आमची बांधी आईच्या नावावर आहे आणि ती तुडमाच्या अगदी खाली आहे. रीतीप्रमाणे आमचा नंबर एकतिसावा.

"तुडमात हात धुतले तरी पानी पोचते तिथं!" इश्वरकाका उभाच राहिला. "मले पयला नंबर देऊन माहं तोंड बंद केलं अन् दुसरा घरचा! अन् चौथी कोन? अध्यक्षबाई!"

"मले कायले पाह्यजे चौथा?" चंद्रकांताकाकू भडकल्या. "माहा तं एकोनविसावा राह्यते. सुखरामकाका, हे काय हाय?"

"आता तं लिहूनच आलं," मागून तुलारामकाका म्हणाले. "मंग बोलाचं काय राहिलं?"

माझे कान तापले. एकेक नाव मी तपासून भरलं होतं. तास बरोबर, बांधी बरोबर. आणि तरी आबाजींवर जो आळ होता तो मी माझ्या हाताने, निळ्या अक्षरांत, सगळ्या गावाच्या फोनवर पोचवला होता. आई पदराचं टोक दाताखाली धरून उभी होती. मी आबाजींकडे बघितलंच नाही. हिंमत झाली नाही.

"रुचू," आबाजी म्हणाले. आवाज नेहमीचाच. "सारं वाच. पयल्यापासून. हळूहळू."

"आबाजी, चुकलंय काहीतरी..."

"वाच न माय."

मी वाचायला लागले. "इश्वर. कुंताबाई. कौशल्याबाई. चंद्रकांता. टेकचंद. तुलाराम. दादाजी..."

"थांब." आबाजींनी हात वर केला. त्यांच्या चेहऱ्यावर हसू पसरत होतं, आणि अशा वेळी हा माणूस हसतो कसा, हेच मला कळेना. "हे तं हजेरी हाय!"

"काय हाय?"

"हजेरी! शाळेतली. इश्वर, तुहा बाप अन् मी एका वर्गात होतो. गुरुजी हजेरी घेत तं उरकुडाचं, तुह्या बापाचं, नाव पयले अन् सुखराम सगळ्यात शेवटी. माहं नाव येईपर्यंत मले झोप लागे. दोनदा मार खाल्ला त्याच्यापायी. अ आ इ ई पाहा नं, क ख ग घ पाहा. या जंगूनं गावाचं पानी हजेरीप्रमानं वाटलं!"

 मग सीताबाई, यादीत शेवटून पहिल्या, फस्सकन हसल्या. "मनूनच मी एकतिसावी का वो? माह्या मायनं नाव ठेवतानी इचार कराचा होता!" आणि सगळी पार हसायला लागली. चंद्रकांताकाकूसुद्धा.

मी लॅपटॉप उघडला. आणि सापडलं. यादी कोणत्या क्रमाने लावायची त्याची एक ओळ असते. मी ती यूट्यूबच्या धड्यातून जशीच्या तशी उचलली होती, आणि तिथे लिहिलं होतं, नावाप्रमाणे. एवढीशी ओळ. जँगोचा काही दोष नव्हता. त्याला सांगितलं तसं त्याने केलं. पाणी कुठून कुठे वाहतं हे मी त्याला सांगितलंच नव्हतं.

मी उभी राहिले. शाळेत प्रार्थनेलासुद्धा माझा आवाज इतका मोठा निघत नाही. "चूक माझी आहे. आबाजींनी नंबर लावलेच नाहीत. मी त्यांना क्रम विचारलाच नाही. मी आत्ता सुधारते."

"सुधार," इश्वरकाका परत बसला, पण हसला नव्हता. "आमी हावोत इथंच."

नंबरासाठी एक नवीन रकाना जोडायचा होता. जोडला. कमांड दिली, तर जँगोनेच मला उलट प्रश्न विचारला, इंग्रजीत, चार ओळींचा. एकतीस माणसं माझ्याकडे बघत होती. मी मोनिकाताईला फोन लावला आणि प्रश्नाचे पहिले तीन शब्द वाचले. तिने पुढचं वाचूच दिलं नाही.

"जुन्या नावांसमोर काय भरू, असं इचारून राहिलं न? आमच्या साऱ्या वर्गाले हाच प्रश्न आला होता. एक दाब. मंग शून्य टाक. घाबरतेस कायले?"

एक दाबला. शून्य टाकलं. झालं!

"सांगा आबाजी."

आबाजींनी डोळे मिटले. उजवा हात समोर धरला, तळवा खाली, आणि तो हळूहळू सरकायला लागला, जणू कालवा तिथे हवेतच होता. "पयली इश्वरची, आखरीची बांधी. मंग मोहाच्या झाडाखालची, ते टेकचंदची. मंग डोकरीची बांधी, आता दादाजीकडं हाय. तिथून कालवा वळते. वळनावर वीरेंद्रची दोन..."

मी आकडे भरत गेले.  एकेकाची बांधी आली की तो माणूस मान हलवायचा. नकाशा मी शाळेत पाहिलाय, पण असा नाही पाहिला, की डोळे मिटलेला माणूस बोलतो आणि गाव एकेक बांधीने पुढे सरकतं. एकोणिसाव्या नंबरावर चंद्रकांताकाकू आल्या. एकतिसाव्यावर आबाजींचा हात थांबला. "कुंताबाई," ते म्हणाले आणि डोळे उघडले.

मी बटण दाबलं. पुन्हा एकतीस माना खाली.

"आता बराबर हाय," दादाजीकाका म्हणाले.

इश्वरकाका मात्र तसाच बसून होता. "सुखरामकाका, एक इचारतो. मागच्या साली अकरा दिवस काहून नाही आलं?"

"खेकड्यानं कालव्याचा धुरा पोखरला होता. पानी मधातच नाल्यात जाऊन राहिलं होतं. तुले सांगतलं होतं मी."

"लिहून कुठी होतं?"

"नव्हतं," आबाजी म्हणाले.

 चंद्रकांताकाकूंनी घसा साफ केला. पहिला फेरा आबाजींनी करायचा, फोनवर आहे तसंच पाणी आलं तर पुढचा हंगामही त्यांचाच. नाही आलं तर दुसरा माणूस. असं ठरलं.

मंगळवारी सकाळी शाळेला उशीर होणार हे माहीत असूनही मी शेवटच्या बांधीवर गेले. फोनवर लिहिलं होतं, इश्वर, मंगळवार, सकाळी नऊ. इश्वरकाका आधीच बांधीच्या कडेच्या धुऱ्यावर उभा होता, फोन हातात. मला म्हणाला, "आलीस? शाळा नाही का?" मी म्हटलं, आहे. 

नऊ वाजले. कालवा कोरडा. सव्वानऊ. एक बगळा येऊन कोरड्या कालव्यात उभा राहिला आणि निघून गेला. साडेनऊ. इश्वरकाका फोन खिशात ठेवायचा, परत काढायचा. मी तर वेळ बघणंच सोडून दिलं होतं.

मग वरून कुदळीचा आवाज आला. वळणावर आबाजी दिसले आणि त्यांच्या पायाच्या पुढे पुढे, पालापाचोळा ढकलत, मातकट पाणी. पाण्याच्या चालीने चालत येत होते ते, ना पुढे ना मागे. दोन्ही पोटऱ्या चिखलाने माखलेल्या. पाणी इश्वरकाकाच्या बांधीत शिरलं तेव्हा जमिनीने असा आवाज केला, चुर्रर्र, जसा तहानलेला माणूस पहिला घोट घेताना करतो.

"आलं बापा," इश्वरकाका म्हणाला.

"किती वाजले?" आबाजींनी मला विचारलं.

"नऊ चाळीस."

"मोहाजवळ कालवा बुजला होता. साफ केला." त्यांनी दम घेतला. "लिहून घे. चाळीस मिन्टं उशीर."

"आबाजी, पाणी आलंय न! कशाला लिहायचं?"

"लिव्ह मनलं न."

"उशिराचा रकानाच नाहीये वेबसाइटवर."

"मंग बनव."

"राहू द्या हो काका," इश्वरकाका म्हणाला. त्याने चपला काढल्या होत्या आणि पाण्यात उतरला होता. "चाळीस मिन्टानं काय होते? मी कोनाले सांगत नाही."

"तू नको सांगू. गावाले ते दिसलं पाह्यजे," आबाजी म्हणाले. "नऊ लिहलं अन् नऊ चाळीसले पोचलो, तं हे कोन दाखवंल? मीच दाखवीन न."

इश्वरकाकाने मान खाली घातली. पायाने चिखल दाबून धुऱ्याचं एक भोक बुजवू लागला, जरा जास्तच वेळ.

माझ्याजवळ वही नव्हती. मी कंपासमधला पेन काढला आणि तळहातावर लिहिलं: इश्वर, नऊ चाळीस, उशीर चाळीस मिनिटं, कालवा बुजला. आणि मोठ्याने वाचून दाखवलं. आबाजी ऐकत राहिले, एकेक शब्द, डोळे बारीक करून.

"नाव?" ते म्हणाले.

"कोणाचं?"

"उशीर कोनाचा झाला त्याचं."

मी खाली लिहिलं, सुखराम.

त्यांनी मान डोलावली, कुदळ खांद्यावर घेतली आणि कालव्याच्या कडेने वर चालू लागले. टेकचंदकाकाच्या बांधीत सव्वाअकराला पाणी पोचायचं होतं.